मोटारगाडीचे ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हा मोटारगाडीच्या द्रवचालित ब्रेक यंत्रणेत वापरला जाणारा द्रव आहे. चालकाने पेडलावर दिलेला जोर या द्रवातील दाबाच्या रूपाने चाकांजवळच्या ब्रेकपर्यंत पोहोचतो. नावात ‘ऑइल’ असले तरी प्रचलित ब्रेक ऑइल हे खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातील रसायनांचे मिश्रण असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढेल तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. त्यामुळे गाडी कितीही कमी चालली असली, तरी ठरावीक काळाने हा द्रव पूर्णपणे बदलावा लागतो. बहुतेक उत्पादक त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत सांगतात. गाडीचे ब्रेक सुधारण्याच्या उपायांत ऑइल बदलणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत आधी करावयाचा उपाय मानला जातो.

नाव

मराठीत या द्रवाला सर्वत्र ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. क्वचित ‘ब्रेक फ्लुइड’ हा शब्दही ऐकू येतो. पारिभाषिक लेखनात ‘ब्रेक द्रव’ असा शब्द योजता येतो. ‘गतिरोधक’ हा शब्द मराठीत रस्त्यावरील उंचवट्यासाठी रूढ झालेला असल्याने वाहनाच्या ब्रेकसाठी तो वापरला जात नाही.

‘ऑइल’ या शब्दामुळे होणारा गैरसमज केवळ भाषिक नाही. ब्रेक यंत्रणेतील रबरी वायसर, सील आणि कप हे ग्लायकॉलला टिकणाऱ्या, प्रामुख्याने ईपीडीएम प्रकारच्या रबराचे असतात. हे रबर खनिज तेलाच्या संपर्कात आले की फुगते आणि मऊ पडते. टाकीतील पातळी खाली गेलेली पाहून तीत इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल किंवा रॉकेल घातल्यास सील निकामी होतात आणि ब्रेक पूर्णपणे सोडून जाण्याचा धोका निर्माण होतो. असे मिश्रण एकदा यंत्रणेत फिरले, तर केवळ ऑइल बदलून भागत नाही. सर्व रबरी भाग, नळ्या आणि बहुधा मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो.

इतिहास

आरंभीच्या मोटारींचे ब्रेक लोखंडी दांड्या व तारांनी ओढले जात. चारही चाकांना सारखा ताण देणे या पद्धतीत कठीण होते. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये द्रवचालित ब्रेकचे पेटंट घेतले. १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग कंपनीच्या ‘मॉडेल ए’ या गाडीत चारही चाकांना द्रवचालित ब्रेक बसवण्यात आले. त्या काळातील ब्रेकद्रव एरंडेल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाचे असत. पुढे त्यांची जागा अधिक उत्कलनबिंदू असलेल्या ग्लायकॉल ईथरने घेतली. आज एरंडेलाचा वापर प्रचलित ब्रेक ऑइलमध्ये होत नसला, तरी ‘ऑइल’ हे नाव मागे राहिले.

डिस्क ब्रेकची उपयुक्तता १९५३ च्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाड्यांनी सिद्ध केली. त्यानंतर सामान्य गाड्यांतही पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम अशी रचना रूढ झाली. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तयार केलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या व त्यांच्या भागांच्या प्रमाणीकरणाचे काम करते.

कार्यतत्त्व

द्रवचालित ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, द्रवातील दाब वाढतो आणि तो धातूच्या व रबरी नळ्यांतून प्रत्येक चाकापर्यंत जातो. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरचा दट्ट्या ब्रेक पॅड डिस्कवर दाबतो. ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर लायनर लावलेले शू बाहेर ढकलतो.

जोर कसा वाढतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. पायाने २० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला आणि पेडलाच्या तरफेमुळे तो चौपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर ८० किलोग्रॅमचा जोर येतो. या दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर असल्यास द्रवातील दाब प्रतिचौरस सेंटिमीटर सुमारे २५ किलोग्रॅम होतो. कॅलिपरच्या दट्ट्याचा व्यास ५० मिलिमीटर असल्यास तोच दाब त्याच्यावर सुमारे ५०० किलोग्रॅमचा जोर निर्माण करतो. व्हॅक्यूम बूस्टरचे साहाय्य यात धरलेले नाही.

ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे: द्रव दाबून आकुंचन पावत नाही. वायू मात्र सहज दाबला जातो. नळीत हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला, की पायाचा जोर बुडबुडा दाबण्यात खर्ची पडतो आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते किंवा तळापर्यंत खाली जाते.

सुरक्षिततेसाठी १९६० च्या दशकापासून मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग करण्याची पद्धत पसरत गेली. एका भागातून गळती झाली तरी दुसऱ्या भागावरील दोन चाकांचे ब्रेक काम करतात. अनेक लहान गाड्यांत पुढचे एक आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातील मागचे एक चाक असा गट असतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत तारेने चालतो आणि तो या द्रवावर अवलंबून नसतो.

प्रकार

ब्रेक ऑइलचे प्रकार अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ‘डॉट’ या संज्ञेने ओळखले जातात. भारतात ब्रेक ऑइलसाठी भारतीय मानक आय. एस. ८६५४ आहे. डॉट मानकांनुसार किमान उत्कलनबिंदू पुढीलप्रमाणे आहेत. ‘कोरडा’ म्हणजे नवे, न उघडलेले ऑइल. ‘ओला’ म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेले ऑइल.

| प्रकार | मूळ घटक | कोरडा उत्कलनबिंदू | ओला उत्कलनबिंदू |
|---|---|---|---|
| डॉट ३ | ग्लायकॉल ईथर | २०५° से. | १४०° से. |
| डॉट ४ | ग्लायकॉल ईथर व बोरेट | २३०° से. | १५५° से. |
| डॉट ५ | सिलिकॉन | २६०° से. | १८०° से. |
| डॉट ५.१ | ग्लायकॉल ईथर व बोरेट | २६०° से. | १८०° से. |

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही ग्लायकॉल वर्गातील असून ते एकमेकांत मिसळू शकतात. मात्र मिश्रणाचा उत्कलनबिंदू वरच्या दर्जाचा राहत नाही. डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारित असून ते इतर प्रकारांत मिसळू नये. ते पाणी शोषत नाही, त्यामुळे आत शिरलेले पाणी वेगळे राहून नळीच्या सखल भागात साचते. अँटिलॉक ब्रेक अर्थात एबीएस असलेल्या गाड्यांत डॉट ५ वापरले जात नाही. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे जवळजवळ सारखी असल्याने खरेदी करताना चूक होण्याचा संभव असतो. गाडीसाठी योग्य प्रकार बहुधा टाकीच्या झाकणावरच छापलेला असतो.

पाणी आणि उत्कलनबिंदू

ब्रेक ऑइलची टाकी बंद दिसली तरी तिच्या झाकणाला हवा जाण्याचा सूक्ष्म मार्ग असतो. पॅड झिजतात तशी टाकीतील पातळी खाली जाते आणि त्या जागी बाहेरची हवा आत येते. रबरी नळ्यांच्या भिंतीतूनही बाष्प हळूहळू आत झिरपते. ग्लायकॉल हे बाष्प स्वतःत विरघळवून घेते. हा गुणधर्म दुधारी आहे. पाणी विरघळून पसरल्याने ते एका जागी साचत नाही व गोठत नाही. पण संपूर्ण द्रवाचा उत्कलनबिंदू उतरतो. वरील तक्त्यात डॉट ३ च्या कोरड्या व ओल्या अवस्थेत ६५ अंशांचा फरक दिसतो, तो केवळ ३.७ टक्के पाण्यामुळे.

ब्रेक लावताना गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते. १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना सुमारे २४७ किलोजूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातील सुमारे ७० टक्के भाग पुढच्या ब्रेकवर येतो असे धरले आणि पुढच्या दोन्ही डिस्कचे मिळून वजन १० किलोग्रॅम मानले, तर एका थांब्यात त्या डिस्क सुमारे ३५ ते ४० अंशांनी तापतात. थंड होण्यास वेळ न देता असे पाच-सहा थांबे घेतल्यास डिस्कचे तापमान दोनशे अंशांपलीकडे जाऊ शकते. ही उष्णता पॅड आणि दट्ट्यामार्फत ऑइलपर्यंत पोहोचते.

जुन्या ऑइलमधील पाण्याची वाफ झाली की पेडल एकाएकी खाली जाते. या बिघाडाचे वैशिष्ट्य असे, की ब्रेक थंड होताच वाफ पुन्हा द्रवात विरते आणि पेडल पूर्ववत कडक लागते. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो. ‘घाटात ब्रेक लागले नाहीत, नंतर आपोआप ठीक झाले’ अशी तक्रार असल्यास ऑइलचे वय पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

पाण्याचा दुसरा परिणाम गंजाचा आहे. मास्टर सिलिंडर, कॅलिपरचे दट्टे आणि एबीएसच्या सूक्ष्म झडपा आतून गंजतात. एबीएसचा भाग बदलण्याचा खर्च ऑइलच्या खर्चाच्या अनेक पटींनी अधिक असतो.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याचे हवामान ब्रेक ऑइलच्या दृष्टीने दोन टोकांचे आहे. मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तर जून ते सप्टेंबर या काळात वर्षातील बहुतेक पाऊस पडून हवा दमट राहते. जिल्ह्याचा सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ९०० मिलिमीटर आहे. पावसाळ्यात शोषलेल्या ओलाव्याची परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात होते. बाहेरील तापमान थेट ऑइल उकळवत नाही. मात्र तापलेल्या रस्त्यावर ब्रेकचे आरंभीचे तापमान अधिक असते आणि ते थंड होण्यास वेळ लागतो.

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसले असून वर्धा व पैनगंगा नद्यांची खोरी त्याच्या खालच्या पातळीवर आहेत. पुसद हे शहर पूस नदीच्या काठी डोंगरांच्या वेढ्यात आहे. त्यामुळे जिल्ह्यांतर्गत प्रवासातही उतार टळत नाहीत. १,००० किलोग्रॅमची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ९८० किलोजूल ऊर्जा मुक्त होते. ताशी ८० किलोमीटर वेगावरून चार वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. उतार खालच्या गिअरमध्ये उतरल्यास यातील बराच भाग इंजिन अडवून धरते आणि ब्रेकवरील भार हलका होतो.

नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ (पूर्वीचा क्रमांक ७) जिल्ह्याच्या पूर्व भागातून वडकी, करंजी, पांढरकवडा व पाटणबोरी मार्गे तेलंगणात जातो. तुळजापूर-बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ व कळंब या गावांवरून जातो. अशा रस्त्यांवर वेग अधिक असतो. मध्येच जनावर, बैलगाडी किंवा कापसाने भरलेले वाहन आडवे आल्यास मोठ्या वेगावरून ब्रेक लावावा लागतो. वणी परिसरात कोळसा खाणी असल्याने तेथील रस्त्यांवर धूळ अधिक असते. काळ्या मातीचा चिखल निपलच्या तोंडाशी वाळून बसतो, रबरी टोप्या हरवलेल्या असतील तर निपल आतून बुजते आणि पुढे उघडताना तुटते. पाण्यातून गाडी नेल्यावर ड्रम ओले राहतात. अशा वेळी थोडे अंतर हलका ब्रेक धरून ते कोरडे करावे लागतात.

तपासणी

केवळ रंगावरून निर्णय करता येत नाही. नवे ऑइल बहुधा फिकट पिवळे असते आणि काळाने तपकिरी होते. पण पाणी रंगहीन असल्याने स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही ते असू शकते. विद्युतवाहकतेवर चालणारी पेनासारखी साधने ओलाव्याचा अंदाज देतात. प्रत्यक्ष नमुना उकळून तापमान दाखवणारे उपकरण अधिक विश्वासार्ह असते. ही साधने नसल्यास मागील बदलाची तारीख हाच सर्वांत सोपा निकष आहे. ती तारीख चिठ्ठीवर लिहून टाकीजवळ चिकटवणे उपयुक्त ठरते. जुनी गाडी विकत घेतली असून नोंद उपलब्ध नसेल, तर ऑइल जुने आहे असेच धरावे.

टाकीतील पातळी हळूहळू खाली जाणे हे पॅडच्या झिजेचे लक्षण असू शकते. पातळी झपाट्याने खाली जात असल्यास गळती आहे असे समजावे. केवळ भर घालून गाडी चालवू नये. पेडल दाबून धरले असता ते सावकाश खाली जात राहणे हे मास्टर सिलिंडरचे सील झिजल्याचे चिन्ह आहे.

घरी बदलण्याची पद्धत

ऑइल बदलण्याचे काम दोन माणसे घरी करू शकतात. ज्यांनी पूर्वी चाक काढणे, पॅड पाहणे अशी कामे केलेली नाहीत, त्यांनी पहिल्या वेळी जाणकाराच्या देखरेखीखालीच हे काम करावे. एबीएस असलेल्या काही गाड्यांत कामाचा क्रम वेगळा असतो, म्हणून गाडीसोबतची पुस्तिका प्रमाण मानावी.

साहित्य: योग्य प्रकारचे ऑइल, शक्यतो सीलबंद नवी बाटली (लहान गाडीला साधारण एक लिटर पुरते), निपलच्या मापाचा रिंग पाना, बहुधा ८, १० किंवा ११ मिलिमीटर, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली, सुई नसलेली मोठी सिरिंज, जॅक आणि जॅकस्टँड, चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे, पाणी व कापड, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे.

पूर्वतयारी: गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक रुततो. उचलायच्या बाजूच्या विरुद्ध चाकांना ठोकळे लावावेत. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. म्हणून गाडी जॅकस्टँडवर टेकल्याशिवाय तिच्याखाली हात अथवा डोके घालू नये. निपलभोवतीचा चिखल ब्रशने साफ करावा. गंजलेल्या निपलवर आदल्या दिवशी गंज सैल करणारे द्रव्य थोडे लावून ठेवावे; ते पॅड किंवा डिस्कवर पडू देऊ नये.

कृती:

१. इंजिन बंद ठेवून टाकीचे झाकण उघडावे. सिरिंजने जुने ऑइल शक्य तितके काढावे आणि लगेच नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे. टाकी पूर्ण रिकामी ठेवून पेडल दाबू नये.

२. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने आरंभ करतात. उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या गाडीत हा क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा येतो. तिरप्या गटाच्या काही गाड्यांत उत्पादकाने वेगळा क्रम दिलेला असतो.

३. निपलवर रिंग पाना चढवून मग नळी बसवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीत घेतलेल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडालेले असावे, म्हणजे हवा उलट आत ओढली जात नाही.

४. साहाय्यकाने पेडल सावकाश दाबून धरावे आणि ‘धरले’ असे मोठ्याने सांगावे. त्यानंतर निपल अर्धा फेरा सैल करावे. ऑइल बाहेर येईल आणि पेडल खाली जाईल. निपल बंद केल्यावरच ‘सोडा’ असे सांगावे. निपल उघडे असताना पेडल सोडल्यास हवा आत शिरते.

५. नळीतून स्वच्छ, बुडबुडेरहित ऑइल येईपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी. दर सात-आठ दाबांनंतर टाकीतील पातळी पाहून भर घालावी. काम वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण टाकी रिकामी होणे हेच असते.

६. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नये. त्याच्याखाली लाकडाचा तुकडा ठेवावा. मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज असतो आणि सील त्यावरून घासून फाटू शकतात.

७. निपल बेताने घट्ट करावे. ते आतून पोकळ असल्याने जादा जोराने तुटते. रबरी टोपी बसवावी, सांडलेले ऑइल पाण्याने धुवावे आणि पुढच्या चाकाकडे वळावे.

गॅरेजच्या भाषेत या क्रियेला ‘हवा काढणे’ म्हणतात, कारण यंत्रणेतील बुडबुडे काढण्याचीही हीच रीत आहे. एबीएसच्या मुख्य भागात हवा शिरली असल्यास ती काढण्यासाठी बहुधा संगणकीय साधन लागते. ते काम सुसज्ज गॅरेजमध्येच होऊ शकते.

चाचणी: सर्व चाके बसवून नट पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आवळावेत. इंजिन बंद असताना पेडल वरच कडक लागले पाहिजे. पेडल दाबून धरून इंजिन सुरू केल्यास ते किंचित खाली जाते. ते बूस्टरमुळे असून दोष नव्हे. त्यानंतर कोणी साहाय्यक पेडल जोरात दाबून धरत असताना प्रत्येक निपल व जोड कोरडा आहे का ते पाहावे. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने घ्यावी. पेडल मऊ लागत असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.

ब्रेकची सुधारणा

अधिक ताकदीचे ब्रेक बसवण्यापूर्वी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. गाडी किती अंतरात थांबेल हे अखेरीस टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीवर ठरते. जोराने दाबल्यावर चाके अडकत असतील किंवा एबीएस काम करू लागत असेल, तर मूळ ब्रेकची ताकद पुरेशी आहे. अशा गाडीत मोठ्या डिस्क बसवून एका थांब्याचे अंतर कमी होत नाही. मोठ्या डिस्कचा लाभ पुनःपुन्हा ब्रेक लावताना, अधिक उष्णता सामावण्यात आणि लवकर निवण्यात होतो.

या कारणाने सुधारणेचा क्रम सर्वसाधारणपणे असा असतो: सुस्थितीतील टायर, नवे ऑइल, चांगले पॅड व लायनर, नव्या रबरी नळ्या आणि त्यानंतर आवश्यक वाटल्यास मोठ्या डिस्क. डॉट ३ सांगितलेल्या बहुतेक गाड्यांत डॉट ४ चालते आणि उत्कलनबिंदूत लाभ मिळतो. तरी पुस्तिका पाहणे इष्ट.

पॅडची निवड करताना त्यांच्या कडेवरील दोन अक्षरे पाहावीत. ती घर्षणगुणांक दाखवतात; पहिले अक्षर सामान्य तापमानाचे, दुसरे अधिक तापमानाचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्याहून खालचे असल्यास तापल्यावर पकड कमी होते. शर्यतीसाठीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, म्हणून ते रोजच्या वापरास योग्य नसतात. नवे पॅड लावताना कॅलिपरचा दट्ट्या मागे ढकलावा लागतो, तेव्हा टाकीतील ऑइल वर येऊन सांडू शकते. बसवल्यावर मध्यम वेगावरून काही सौम्य थांबे घेऊन पॅड डिस्कवर बसू द्यावेत.

रबरी नळ्या जुन्या झाल्या की दाबाखाली फुगतात आणि पेडल मऊ लागते. पोलादी जाळी गुंफलेल्या नळ्या कमी फुगतात; त्यांनी पेडल कडक होते, थांबण्याची ताकद वाढत नाही.

मोठ्या दट्ट्यांचा कॅलिपर बसवल्यास अधिक ऑइल सरकवावे लागते आणि पेडल अधिक खाली जाते. उलट मोठा मास्टर सिलिंडर बसवल्यास पेडल उंच व कडक राहते, पण तितकाच दाब निर्माण करण्यास अधिक जोर लागतो. केवळ मागचे ब्रेक बळकट केल्यास ती चाके आधी अडकून गाडी आडवी फिरण्याचा धोका असतो. पुढच्या व मागच्या ब्रेकचा समतोल उत्पादकाने ठरवलेला असतो. तो बिघडवणारी एकांगी सुधारणा टाळावी.

कायदेशीर बाजू

ऑइल, पॅड, लायनर किंवा नळ्या मूळ प्रमाणाप्रमाणे बदलणे ही देखभाल होय. रचनेत बदल करणे ही वेगळी बाब आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) नुसार, अनुमती नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ब्रेकविषयीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ मध्ये आहेत. नव्या मोटारींच्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून आणि चालू मॉडेलांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले. यवतमाळ जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी ‘एमएच-२९’ या मालिकेत होते; रचनेत बदल करण्यापूर्वी तेथील परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करणे हिताचे असते.

सुरक्षितता आणि विल्हेवाट

ब्रेक ऑइल विषारी आहे. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये, कारण मुले किंवा घरातील कोणी चुकून पिण्याचा संभव असतो. पोटात गेल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. ते गाडीच्या रंगावर पडल्यास रंग उचलते. पुसण्याऐवजी लगेच पाणी ओतावे. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते; ती फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी.

उघडलेली बाटली हवेतील ओलावा घेत राहते. उरलेले ऑइल महिनोन्‌महिने ठेवून पुढच्या वेळी वापरल्यास बदलण्याचा हेतूच साधत नाही. काढलेले ऑइल पुन्हा गाडीत घालू नये. ते नालीत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये, तसेच वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये मिसळू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात नाव लिहून, टाकाऊ द्रव स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

वाटेत पेडल एकाएकी खाली गेल्यास ते वेगाने पुनःपुन्हा दाबावे. त्यामुळे काही वेळा दाब परत येतो. त्याच वेळी क्रमाने खालचे गिअर टाकावेत आणि हँडब्रेक बेताबेताने ओढावा. इंजिन बंद करू नये, कारण बूस्टरचे व सुकाणूचे साहाय्य थांबते. गाडी थांबल्यावर ब्रेक निवून पेडल पूर्ववत लागले, तरी ऑइल बदलेपर्यंत पुढचा प्रवास टाळावा.

हे सुद्धा पहा

डिस्क ब्रेक
ड्रम ब्रेक
अँटिलॉक ब्रेक यंत्रणा
पास्कलचा नियम
यवतमाळ जिल्हा